जे हललं नाही

रोसामेलचा खेळ तीन तास अकरा मिनिटांचा,
त्याची फाईल एक्केचाळीस जीबी.
आमच्या बेटावरून वर जाणारी वाट
इतकी बारीक, की तो म्हणाला, आई,
अशीच पाठवली तर पाच दिवस लागतील
आणि मध्ये एकदा तरी वीज जाईल.
मी म्हटलं, एकदाच?

मी दालकावेच्या कारखान्यात शिंपले सोलते.
शंभर किलो आत येतात, वीसबावीस बाहेर पडतात,
बाकी कवचांचा ढीग मागच्या दाराशी
आणि ढिगावर भांडणारे पक्षी.
म्हणून वाटलं, हे आपल्याला कळेल.
विचारलं, तुझ्या खेळात कवच कुठलं?

तो थोडा वेळ गप्प. मग खुर्ची सरकवून जागा दिली.
ही भिंत बघ, म्हणाला.
एकदा पूर्ण लिहायची.
पुढच्या साठ चित्रांत नुसतं म्हणायचं: भिंत तशीच.
पळणारा माणूस, त्याची तलवार,
मशालीचा उजेड सरकला तेवढाच लिहायचा.
जे हललं नाही त्याला जागा लागत नाही.

मी चुलीकडे पाहिलं, किटलीकडे,
खुंटीवरच्या रेनकोटकडे.
त्या हिशोबात मी किती भरेन
ते विचारलं नाही.

पहिल्या खेपेला त्याने फार आवळलं.
गुहेतला काळोख तडकला,
चौकोन चौकोन, बाथरूमच्या फरशीसारखा.
गवताची हिरवी पेज झाली.
सगळ्यात वाईट पाऊस, म्हणाला,
दर थेंब दर वेळी नवा,
त्याला तसाच म्हणता येत नाही.
बाहेर चौथ्या दिवशीही तोच लागला होता
आणि मला तरी तो तसाच वाटत होता.

दुसऱ्या खेपेला सावकाश.
मी पहाटे चारला उठले तेव्हा पट्टी चौऱ्याऐंशीवर,
पंखा भणभणत होता, पुल्गा चूल सोडून
त्या यंत्राच्या उबेला जाऊन झोपलेली.
पोरगा जागाच. डोळे कोळंबीसारखे.

मग ही गंमत: एवढं आटवून झाल्यावर
त्याने चित्राचं माप वाढवलं.
अरे, लहान करायला बसला होतास ना?
तर म्हणे, साइटवाले परत आपल्या हाताने दाबतात,
मोठ्या मापाचं आलं तर जरा बेताने दाबतात.
हे मात्र लगेच कळलं.
व्यापारी टोपलीतून मूठभर काढणारच,
म्हणून आम्हीही वर मूठभर रचूनच नेतो.

एक तास बारा मिनिटांवर मी आहे.
दिसत नाही.
समोरचा राक्षस मरायला टेकलाय,
रोसामेल श्वास धरून बसलाय,
आणि मागून कुणीतरी ओरडतं,
लाकडं आणलीस का?
त्याचा हात हुकतो. तरी जिंकतो.

पुसता येतं, म्हणाला. आवाज वेगळ्या पट्टीवर आहे.
पूस मग. जागा किती वाचेल?
चाळीस केबी.
इतकी कमी की मला रागच आला.

सहा जीबी झाली शेवटी. सतरा तास जात होती.
मधे वीज गेली, दोनदा.
दोन्ही वेळा मोडल्या जागेपासून पुढे चालली, म्हणे.
मी शिव्या ऐकल्या त्यावरून तसं वाटलं नव्हतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत
एर्सिराने तडा गेलेला फोन पुढे धरला: तुझाच ना हा?
अंगठ्याएवढ्या पडद्यावर गवत पुन्हा पेज झालेलं.
मी बोटाने पुढे ढकलायला गेले,
ओल्या हातमोज्याला फोन दाद देईना.
मोजा काढला. बोट पुसलं.
एक तास दहा. एक तास अकरा.
राक्षस डोलत आला,
आणि कारखान्याच्या त्या गोंगाटात
मी स्वतःलाच ओरडताना ऐकलं.

आणली होती का? एर्सिराने विचारलं.

नाही, मी म्हटलं,
आणि मोजा चढवला.